अठरा हजारांचा ग्राफ

फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय घेतलेला माणूस कधी ना कधी रीमॅपच्या, म्हणजे इंजिनाचा प्रोग्रॅम बदलून ताकद वाढवायच्या, नादी लागतोच. १.२ लिटरचं इंजिन, कंपनीतून १०५ पीएस ताकद आणि १७५ एनएम टॉर्क, म्हणजे इंजिनाच्या पिळाचा जोर. टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) असल्यामुळं नुसत्या सॉफ्टवेअरनं ताकद वाढते हे खरं आहे, थाप नाही. थाप पुढं आहे.

२०१९ च्या एप्रिलात मित्राच्या ओळखीनं एक पोरगा साताऱ्यात वाढे फाट्याला लॅपटॉप घेऊन आला. "दादा, खास तुमच्याच गाडीची फाइल बनवतो, डायनोवर टेस्ट केलेली." फाइल म्हणजे इंजिनाचा नवा प्रोग्रॅम, डायनो म्हणजे गाडी रोलरवर पळवून ताकद मोजायचं यंत्र. अठरा हजार रोख, बिल नाही. गाडीच्या कॉम्प्युटरशी जोडायच्या ओबीडी सॉकेटला वायर लावली आणि माझा चहा संपेपर्यंत काम झालंसुद्धा. हातात रंगीत ग्राफ दिला, १७८ पीएस! गाडी खरोखर उडायला लागली, मग कोण कशाला विचारतंय? गाडी डायनोवर चढलीच नाही तर ग्राफ आला कुठून, एवढंही सुचलं नाही मला.

पाच आठवड्यांनी पुण्याहून येताना खंबाटकीचा घाट चढत होतो. भर दुपार, एसी चालू, गाडीत चौघं. ट्रकला मागं टाकायला पाय दाबला की पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज यायचा. म्हटलं कुठलं तरी पत्र्याचं कव्हर सैल झालं असेल. माथ्याजवळ चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला, इंजिन थरथरलं आणि आरशात निळा धूर.

गोडोलीतल्या आमच्या मिस्त्रींनी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात दाब किती तयार होतो ते, तपासलं. तीन सिलिंडर ठीक, दुसऱ्यात दमच नाही. इंजिनाचं हेड उतरवून पिस्टन बाहेर काढला तर त्याच्यावरची दोन रिंगांच्या मधली कडच तुटलेली. "हा आवाज ऐकून पण चालवलीस व्हय रं?" एवढंच बोलले.

तो खड्यांचा आवाज म्हणजे नॉकिंग. प्लगनं पेटवलेली ज्वाळा पोचायच्या आत उरलेलं मिश्रण आपोआप भडकतं आणि पिस्टनवर हातोडा बसतो. कंपनीचा प्रोग्रॅम हे नॉकिंग टिपणाऱ्या नॉक सेन्सरचं ऐकून ठिणगी जरा उशिरा टाकतो आणि ते थांबवतो. पुण्यात एका जाणकारानं माझी फाइल वाचली. ती ९८ ऑक्टेनच्या पेट्रोलवर बेतलेली निघाली (ऑक्टेन जितका जास्त, तितकं पेट्रोल आपोआप कमी भडकतं), आणि मी साताऱ्यात साधं ९१ भरत होतो. वर, गाडी कुठंही ढिली वाटू नये म्हणून सेन्सरचं ऐकणंच जवळजवळ बंद केलेलं.

मग ग्राफ नीट पाहिला. टॉर्क गुणिले आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) भागिले ७०२४ म्हणजे पीएस, हे गणित कुठल्याही गाडीला चुकत नाही. ४५०० आरपीएमला टॉर्क २३० दाखवलेला, म्हणजे पीएस १४७ च्या आसपास हवेत. कागदावर तिथंच १७८. कोपऱ्यात हवेचं तापमान ११ अंश. एप्रिलात, साताऱ्यात!

इंजिनाला एक लाख चाळीस हजार गेले. मूळ फाइलचा बॅकअपही त्यानं दिला नव्हता, ती परत घालायचे पैसे वेगळे. वॉरंटीचं नाव काढायची सोयच नव्हती.

त्या पोराला फोन केला तर म्हणाला, "दादा, घाटात एवढी दाबायची नव्हती." नंतर नंबर बंद.

तुटका पिस्टन मिस्त्रींच्या कपाटावर आहे, ग्राफ त्याच्याखाली. रीमॅपसाठी पैसे काढून ठेवले असतील तर आधी येऊन बघून जा. चहा माझ्याकडून.