दोन देश शेजारी ठेवताना कोणती पट्टी उचलावी?

प्रकल्प असो, लेख असो की परीक्षेतलं उत्तर, देशांची तुलना करायची म्हटलं की चार पट्ट्या समोर येतात: दरडोई उत्पन्न, क्रयशक्तीनुसार दरडोई उत्पन्न, मानव विकास निर्देशांक आणि नागरीकरणाची टक्केवारी. चारही आकडे चुटकीसरशी मिळतात, आणि घोळ तिथेच सुरू होतो.

साधं दरडोई उत्पन्न बाजारातल्या विनिमय दराने डॉलरमध्ये मांडलेलं असतं. परदेशी कर्ज फेडायची ताकद किंवा आयात तेल परवडतं का, हे पाहायचं तर हेच घ्या. ती बिलं डॉलरमध्येच चुकवावी लागतात. फक्त 'देशांतर्गत उत्पादन' (देशाच्या हद्दीत जे निर्माण झालं ते) घेताय की 'राष्ट्रीय उत्पन्न' (देशातल्या रहिवाशांच्या वाट्याला जे आलं ते), एवढं बघा. आयर्लंडचं 2015 सालचं उत्पादन एका वर्षात तब्बल 26 टक्क्यांनी वाढल्याचं जाहीर झालं होतं. आयरिश माणूस काही रातोरात श्रीमंत झाला नव्हता. बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली पेटंटं आणि तत्सम मालमत्ता कागदोपत्री तिकडे हलवली होती. शेवटी तिथल्या सांख्यिकी कार्यालयाला हा फुगवटा वजा करणारं वेगळं माप काढावं लागलं.

लोकांचं राहणीमान ताडून पाहायचं असेल तर क्रयशक्तीचा, म्हणजे तेवढ्या पैशात त्या देशात किती काय विकत घेता येतं ते धरणारा, आकडा बरा. घरभाडं, केस कापणं, शिकवणी या गोष्टी गरीब देशांत स्वस्त असतात आणि विनिमय दराला त्याचा पत्ता नसतो.

मानव विकास निर्देशांक 1990 साली आला. त्यामागे पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हक होते आणि सोबतीला अमर्त्य सेन. आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न हे त्याचे तीन पाय. उत्पन्न त्यात लॉगरिदमने मोजतात, म्हणजे एक हजार डॉलरचे दोन हजार होणं आणि दहा हजारांचे वीस हजार होणं सारखंच धरलं जातं; 75 हजारांपुढच्या कमाईला तर गुणच नाहीत. मला हे पटतं. तेलामुळे इक्वेटोरियल गिनी काही वर्षं जागतिक बँकेच्या उच्च उत्पन्न गटात होता, मानव विकासात मात्र मध्यम गटातच रेंगाळला. सामान्य माणसाच्या वाट्याला काय आलं, हे विचारायचं असेल आणि एकच आकडा वापरायची मुभा असेल, तर मी हाच घेईन. विषमता मात्र तो लपवतो; त्यासाठी 2010 पासून निघणारी विषमता-समायोजित आवृत्ती बघावी.

उरलं नागरीकरण. सर्वांत जास्त दिशाभूल इथे होते. आधी शब्द नीट धरू. शहरांत 20 लाख आणि खेड्यांत 80 लाख लोक आहेत असं समजा. दोन्हीकडे दहा टक्के वाढ झाली की 22 आणि 88 होतात. शहरवाढ झाली, दोन लाख माणसं वाढली, त्यांना पाणी आणि घरं लागणारच. पण नागरीकरण, म्हणजे एकूण लोकसंख्येतला शहरी लोकांचा वाटा, तसूभरही हललं नाही. टक्केवारी वीसची वीसच.

दुसरी अडचण व्याख्येची. सहा हजार वस्तीचं एक गाव घ्या. डेन्मार्कमध्ये सलग वस्तीत 200 माणसं असली की ते शहरी, म्हणजे हे गाव शहरात धरलं. जपानमध्ये शहराचा दर्जा मिळायला साधारण 50 हजार लोकसंख्या लागते, तिथे हे खेडंच. भारतीय जनगणनेत पाच हजारांची अट पार झाली तरी दर चौरस किलोमीटरला 400 माणसं हवीत, आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी 75 टक्के शेतीबाहेर हवेत. बायका काय काम करतात, हे त्या निकषात विचारतच नाहीत!

म्हणून 'जास्त शहरी म्हणजे जास्त प्रगत' हे वाक्य लिहिण्याआधी थांबा. गॅबनमध्ये दहापैकी सुमारे नऊ माणसं शहरी, श्रीलंकेत अधिकृत आकड्यानुसार दोनच्या आसपास. मानव विकासात मात्र श्रीलंका गॅबनच्या वर आहे. नागरीकरणाची तुलना टाळता येणार नसेल, तर संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने 2020 मध्ये मान्य केलेली पद्धत वापरा. तिच्यात जमिनीचे एक चौरस किलोमीटरचे चौकोन पाडतात. सलग चौकोनांत प्रत्येकी किमान 1,500 माणसं आणि मिळून 50 हजार भरली की ते शहर, मग ते कुठल्याही देशात असो.