नाव १०५० टीआय, चिप २०११ ची

ग्राफिक्स कार्ड, म्हणजे कॉम्प्युटरचं चित्र स्क्रीनवर उमटवणारं आणि गेमसाठी लागणारं कार्ड, आपलं नाव आपणच सांगतं आणि विंडोज ते मुकाट्याने मान्य करतं. सेकंडहँड बाजारातली एक जुनी लबाडी नेमकी याच जागी चालते. मला ती साडेनऊ हजारांना पडली, म्हणून जरा तपशिलात लिहितोय.

२०२१ साल आठवा. चिपांचा तुटवडा, त्यात इथेरियमच्या मायनिंगवाल्यांनी, म्हणजे कार्डांवर हे डिजिटल चलन कमावणाऱ्यांनी, दुकानं रिकामी केलेली. कार्डांची इतकी चणचण की कार्डांच्या चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाला २०१६ सालचं जीटीएक्स १०५० टीआय पुन्हा बाजारात सोडावं लागलं. माझ्याकडे एका ऑफिसातून निघालेला चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह डेस्कटॉप होता, एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, अगदी बेताचा. १०५० टीआय ७५ वॉटमध्ये भागतं. तेवढी वीज मदरबोर्डच्या स्लॉटमधूनच मिळते, त्यामुळे बहुतेक मॉडेलांना वेगळी वायर लावावी लागत नाही. जुन्या डब्यात गेम खेळायचे तर याच्याइतकं सोयीचं कार्ड नव्हतं. म्हणूनच नकली मालही याच नावाने जास्त निघायचा.

मुंबईत ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार पालथा घातला. नवं कार्ड परवडणारं नव्हतंच. शेवटी एका गल्लीत, पहिल्या मजल्यावरच्या छोट्या गाळ्यात ‘बॉक्सपीस’, म्हणजे खोक्यासकटचा माल, मिळाला. खोक्यावर चिलखत घातलेला कुणी योद्धा आणि मोठ्या अक्षरात जीटीएक्स १०५० टीआय, ४ जीबी. कंपनीचं नाव मात्र कुठेच नाही. विचारलं तर म्हणे, “ओईएम माल है, इसलिए सस्ता है.” कार्डाला एसएमपीएसवरून जादा वीज घ्यायचं सिक्स-पिन सॉकेट होतं. “ओसी मॉडेल है सर, ज्यादा पावर खींचता है,” म्हणजे वेग वाढवलेलं मॉडेल, असं म्हणत त्याने कन्व्हर्टर फुकटात दिला. मागे एचडीएमआय आणि डीव्हीआयच्या शेजारी व्हीजीए पोर्टही होता. त्यावर त्याचं म्हणणं, जुना मॉनिटरही चालेल, तुमचाच फायदा.

हा फायदा लक्षात ठेवा, कारण सगळी मेख तिथेच आहे. पास्कल पिढीच्या चिपांमधून एनव्हिडियाने व्हीजीएला लागणारं अॅनालॉग आउटपुट काढून टाकलं. १०५० टीआय पास्कल आहे. म्हणजे मागे व्हीजीए पोर्ट दिसला की समजायचं, आत दुसरंच काहीतरी बसलंय. सिक्स-पिनवरून मात्र निर्णय घेऊ नका, काही अस्सल मॉडेलांनाही तो असतो.

दुकानदाराने डेमो दिला आणि तोही अगदी रीतसर. त्याच्या मशीनला कार्ड लावलं, डिव्हाइस मॅनेजर उघडून नाव दाखवलं, डिस्प्ले सेटिंगमध्ये चार जीबी दाखवले. मग फरमार्क हा कार्डावर ताण देणारा चाचणी प्रोग्राम लावला. केसाळ कडं गरगरत होतं, पण एफपीएसचे, म्हणजे सेकंदाला किती चित्रं उमटतात त्याचे, आकडे फारच खाली होते. मी बोट दाखवलं तर म्हणाला, “एफपीएस मत देखो, टेम्परेचर देखो.” टेम्परेचर खरंच छान होतं. सोबत एक सीडी दिली आणि बजावलं की ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला कार्ड चालवता यावं म्हणून लागणारं सॉफ्टवेअर, यातलाच टाकायचा, इंटरनेटवरून अपडेट करायचा नाही.

घरी सीडीवरच्या ड्रायव्हरने कार्ड चाललं. व्हॅलोरंट सुरू झालं, जेमतेम. जीटीए फाइव्हमध्ये टेक्स्चर वाढवले की रस्ते गायब व्हायचे आणि गाडी हवेत तरंगायची, मग गेम बंद. नंतर विंडोज अपडेटने आपणहून एनव्हिडियाचा अधिकृत ड्रायव्हर टाकला आणि स्क्रीन काळी झाली. परत आली ती ढोबळ रेझोल्युशनमध्ये, डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण आणि कोड ४३, म्हणजे गडबडीमुळे विंडोजने कार्ड थांबवल्याची खूण.

मग जीपीयू-झेड चालवलं. या छोट्या फुकट प्रोग्रामात ऑक्टोबर २०१८ पासून नकली एनव्हिडिया कार्डं ओळखायची सोय आहे. नावाच्या चौकटीत सरळ ‘फेक’ असा शिक्का आला. खाली चिप जीएफ११६, तंत्रज्ञान ४० नॅनोमीटर, शेडर (चित्राचे हिशेब करणारे चिपमधले बारीक भाग) १९२. अस्सल १०५० टीआयमध्ये चिप जीपी१०७ असते, १४ नॅनोमीटरची, आणि शेडर ७६८. जीएफ११६ म्हणजे पास्कलच्या बरीच आधीची फर्मी पिढी, जीटीएक्स ५५० टीआयच्या काळातली. मेमरी चार नव्हे, एकच जीबी. एक जीबी भरेपर्यंत गेम चालायचा आणि पुढे रस्ते गायब व्हायचे, त्याचं कारण हेच.

युक्ती अशी असते. प्रत्येक कार्डावर एक बारीकशी फ्लॅश चिप असते. तिच्यात कार्डाचा बायोस, म्हणजे मूळ प्रोग्राम, असतो आणि कार्डाची ओळख, क्लॉक (चिपचा वेग) वगैरे माहिती त्यातूनच पुढे जाते. जुन्या भंगार कार्डाच्या बायोसमध्ये नव्या कार्डाची ओळख लिहायची, वर चकचकीत प्लॅस्टिकचं कव्हर आणि नवे पंखे चढवायचे, ड्रायव्हरमध्येही फेरफार करून तो सीडीवर द्यायचा. विंडोज बिचारं विचारतं, तू कोण? कार्ड सांगतं, १०५० टीआय. अस्सल ड्रायव्हर त्या नावाप्रमाणे काम सांगायला जातो, चिपला ते जमत नाही, आणि सोंग उघडं पडतं. ‘अपडेट करू नका’ ही ताकीद त्यासाठीच होती.

नंतर कूलर उघडला. सुकून खडूसारखी झालेली थर्मल पेस्ट पुसली, तर सिलिकॉनवर कोरलेलं जीएफ११६ स्वच्छ दिसलं आणि जवळच ११ ने सुरू होणारा उत्पादनाचा आकडा. म्हणजे २०११. हे नाव कुठलाही बायोस बदलू शकत नाही. पण तक्रार करणार असाल तर आधी दुकानात जाऊन या आणि मगच स्क्रू काढा. मी तेच केलं, कारण स्क्रूवरचा वॉरंटीचा स्टिकर फाटलेला दिसला की त्यांना आयतंच निमित्त मिळतं.

तरीही दुकानात उपयोग झाला नाही. टेस्टिंग वॉरंटी फक्त कार्ड डेड झालं तर, आणि तुमचं तर डिस्प्ले देतंय, असा युक्तिवाद. बिल म्हणून दिलेल्या चिठ्ठीवर वर ‘एस्टिमेट’ आणि खाली ‘ग्राफिक कार्ड १ नग’, बस. मॉडेल नाही, सिरियल नंबर नाही, जीएसटी क्रमांक नाही. पैसे यूपीआयने घेतले होते, तेही दुकानाच्या नव्हे, कुणा व्यक्तीच्या खात्यावर. वर आणखी दोन हजार भरून दुसरं कार्ड न्या, अशी ऑफर मिळाली. तेही तसल्याच योद्ध्याच्या खोक्यातलं! मी नाही म्हटलं.

जुना बायोस पुन्हा भरून कार्ड मूळ रूपात आणता येतं, असा सल्ला बरेच जण देतात. तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे, पण तसं केलं की नकलीपणाचा पुरावा तुम्हीच पुसता. त्याआधी जीपीयू-झेडचे स्क्रीनशॉट, खोक्याचे आणि पोर्टांचे फोटो, यूपीआयची नोंद आणि ती चिठ्ठी सांभाळून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. ऑनलाइन व्यवहारात पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन करायचा. तिथे उशीर महागात पडतो, कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्यात फिरत जातात.

आमच्या सोसायटीतला एक मुलगा मध्यंतरी सेकंडहँड जीटीएक्स १६५० घ्यायला निघाला, तेव्हा जीपीयू-झेड पेनड्राइव्हवर टाकून नेला. पहिल्या दुकानात “व्हायरस आ जाएगा” म्हणून पेनड्राइव्ह लावूच दिला नाही. तो तिथून उठला. रस्त्यापलीकडच्या काकांनी स्वतः मशीन पुढे सरकवलं, ड्रायव्हर त्याच्यासमोर एनव्हिडियाच्या साइटवरून उतरवला आणि खोक्यावरचा व कार्डावरचा सिरियल नंबर जुळवून पक्क्या बिलावर लिहून दिला. पाचशे रुपये जास्त घेतले.