अपडेटनंतर टीव्हीला पीसी दिसंना: शेअरिंगच दुरुस्त करायचं, जेलीफिन टाकायचं का सरळ पेनड्राईव्ह?

आत्या गडहिंग्लजवरनं आली की आधी चहा आणि मग ताईचा डान्स, हे ठरलेलं. कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहातला गॅदरिंगचा डान्स आहे तो, कॅसेटवरनं डीव्हीडी आणि डीव्हीडीवरनं पीसीत आलेला, रंग सगळा गुलाबी पडलाय, पण ऑगस्ट २०२४ मध्ये नाट्यगृहाला आग लागली तेव्हापासनं घरातली सगळी ताईपेक्षा मागचं स्टेजच जास्त बघत असतात. तर यावेळी टीव्हीवर कोडी उघडलं, म्हणजे व्हिडिओ लावायचं ॲप, त्यात पीसीवरच्या शेअर केलेल्या फोल्डरवर दाबलं, आणि "ऑपरेशन नॉट परमिटेड". परत दाबलं, परत तेच. आदल्या रात्री पीसीवर अपडेट बसलेलं, ते तेव्हा डोक्यातच आलं नाही. शेवटी आत्याच म्हणाली, "ऱ्हाऊ दे रं, मोबाईलवर दाव."

त्यानंतर दोन रविवार यातच गेले, म्हणून लिहितोय, तुमचा एक तरी वाचंल. आणि चूक म्हणाल तर माझीच, इतकी वर्षं शेअर बिनपासवर्डचं ठेवलेलं.

होतं काय बघा. विंडोजचं फोल्डर शेअरिंग चालतं एसएमबी नावाच्या पद्धतीवर. त्यातली जुनी पहिली आवृत्ती म्हणजे एसएमबी १, मे २०१७ मध्ये वॉनाक्राय व्हायरस त्याच्याच भोकातनं जगभर पसरलेला, आणि त्याच वर्षीच्या विंडोज १० च्या १७०९ अपडेटपासनं नवीन इन्स्टॉलमध्ये ते येईनासं झालं. त्यानंतर २०२४ च्या ऑक्टोबरात विंडोज ११ चं २४एच२ आलं, त्यात प्रो आवृत्तीला एसएमबी सायनिंग सक्तीचं केलं. सायनिंग म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक पॅकेटवर सही, आणि ती सही करायची किल्ली पासवर्डच्या लॉगिनमधनं तयार होते. गेस्ट म्हणून आत शिरणाऱ्याकडं पासवर्डच नाही, मग सही कुठली करणार. म्हणजे शेअरिंग मोडलेलं नसतं, बिनपासवर्डची वाट बंद झालेली असते. उलट बाजूनं पण हेच, राउटरला मागनं हार्डडिस्क लावलेली असंल आणि पीसीवरनं ती उघडायला गेलात तर मेसेज येतो की तुमच्या ऑर्गनायझेशनच्या सिक्युरिटी पॉलिसीनं गेस्ट अडवलाय. तीन खोल्यांच्या घरात कसली ऑर्गनायझेशन, आमच्याकडं पॉलिसी आईची चालते.

काय निवडायचं ते ठरवायच्या आधी पाच मिनिटांची एक टेस्ट करा. कोडीमध्ये नुसतं ब्राउझ करून पीसी शोधत बसू नका, ती पीसींची यादी जुन्या पद्धतीवर चालायची आणि एसएमबी १ गेलं की बऱ्याच वेळा ती रिकामीच दिसते. त्याऐवजी "ॲड नेटवर्क लोकेशन" मध्ये जाऊन पीसीचा आयपी पत्ता, म्हणजे घरातल्या नेटवर्कवरचा त्याचा नंबर, हातानं घाला, १९२.१६८ नं सुरू होणारा. लगेच फोल्डर दिसलं तर काहीच बिघडलेलं नाही, फक्त यादी मेली. पासवर्ड मागितला किंवा नॉट परमिटेड आलं तर लॉगिनचं दुखणं. आणि काहीच न होता नुसतं फिरत बसलं तर पीसीवरचं नेटवर्क प्रायव्हेटचं पब्लिक झालंय का ते बघा, पब्लिक असलं की फायरवॉल बाहेरच्याला दारातच उभं करते.

आता पर्याय. खरी तुलना दोघांचीच आहे, एसएमबीच नीट करणं आणि जेलीफिनसारखा मीडिया सर्व्हर टाकणं, बाकीचे येता-जाता सांगतो.

एसएमबी नीट करायचं म्हणजे टीव्हीसाठी पीसीवर वेगळा लोकल यूजर काढायचा. सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर यूजर्स, तिथं मायक्रोसॉफ्ट अकाउंटशिवायचा पर्याय निवडायचा, नाव "टीव्ही" आणि पासवर्ड साधाच पण असलाच पाहिजे. स्वतःचंच अकाउंट का नको, तर आपण सगळी पीसीला चार आकडी पिन टाकून शिरतो आणि नेटवर्कवर तो पिन चालत नाही, मूळ पासवर्ड लागतो, आणि तो कुणाला आठवतोय. मग फोल्डरवर राईट क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंग, ॲडव्हान्स्ड शेअरिंग, परमिशन्समध्ये त्या यूजरला फक्त रीड. इथंच माझा पहिला रविवार गेला, कारण शेजारी सिक्युरिटीचा वेगळा टॅब आहे आणि तिथं पण तोच यूजर घालावा लागतो, एका ठिकाणी परवानगी असून दुसरीकडं नसली तर दार बंदच. मग कोडीमध्ये तेच यूजरनेम-पासवर्ड, आणि सेटिंग्जच्या सर्व्हिसेसमध्ये एसएमबी क्लायंटखाली मिनिमम प्रोटोकॉल एसएमबी २ आणि मॅक्सिमम एसएमबी ३. झालं. एक मात्र सांभाळा, कोडी काय बघून झालंय ते फाईलच्या पूर्ण पत्त्यावरनं लक्षात ठेवतं, म्हणजे आधी पीसीच्या नावानं जोडलेलं असताना आता आयपीनं जोडलंत तर त्याच्या लेखी सगळं नवीन, आईच्या मालिकांचे भाग परत पहिल्यापासनं. जमलं तर जुनाच पत्ता ठेवून नुसता पासवर्ड बदला.

जेलीफिनचं सगळं वेगळं. ते फाईल शेअरच करत नाही, पीसीवर आपला छोटा वेबसर्व्हर चालवतं, ८०९६ पोर्टवर, आणि टीव्हीवरचं ॲप ब्राउझरनं साईट उघडावी तसं त्याला बोलतं. म्हणून विंडोजनं उद्या शेअरिंगचे नियम अजून कडक केले तरी याला फरक पडत नाही, फक्त फायरवॉलमध्ये त्याला सोडलेलं पाहिजे. हा मोठाच फायदा आहे. दुसरा फायदा म्हणजे प्रत्येकाचं वेगळं प्रोफाईल, हॉलमध्ये अर्धवट सोडलेलं आतल्या खोलीत मोबाईलवर तिथनंच पुढं. २०१८ मध्ये एम्बी नावाच्या तसल्याच सर्व्हरपासनं फुटून निघालेलं आहे, पूर्ण फुकट. प्लेक्स पण याच जातीचं, दिसायला जास्त चकाचक, पण त्याला त्यांचं अकाउंट लागतं आणि एप्रिल २०२५ पासनं घराबाहेरनं आपलेच व्हिडिओ बघायला पैसे आहेत, घरातल्या घरात फुकट.

मग जेलीफिनच का नको सगळ्यांना? कारण पीसी. टीव्हीला एखादा फॉरमॅट नाही पचला, म्हणजे कधी डीटीएस आवाज, कधी एचईव्हीसी व्हिडिओ, तर जेलीफिन तो चालू असतानाच बदलून पाठवतं, आणि हे काम जुन्या पीसीवर पडलं की फॅन असा ओरडतो की शेजारच्याला वाटावं मिक्सर लावलाय. एसएमबी आणि कोडीमध्ये पीसी नुसती फाईल देतो, पचवायचं काम टीव्ही बॉक्सचं, दहा वर्षं जुना पीसी पण आरामात पुरतो. शिवाय जेलीफिनला फोल्डर आणि नावं शिस्तीत लागतात, "नवीन फोल्डर २" मधली "फायनल फायनल" बघून ते भलत्याच पिक्चरचं पोस्टर लावतं, जुन्या मराठी पिक्चरला तर हमखास. घरगुती व्हिडिओंना वेगळी होम व्हिडिओ लायब्ररी करा, नाहीतर ताईच्या डान्सला कुठल्यातरी परदेशी सिनेमाचं पोस्टर येतंय, आमच्यात आलेलं.

वेगाची काळजी दोन्हीकडं सारखीच. फुल एचडी ब्लू-रे जास्तीत जास्त ४८ एमबीपीएसपर्यंत जाते, ती कशावरही चालंल. फोरकेची डिस्क मात्र शंभरच्या वर जाऊ शकते आणि बऱ्याच टीव्हींचा लॅन पोर्ट शंभरचाच असतो, तिथं केबलपेक्षा ५ गिगाहर्ट्झचं वायफाय बरं.

डीएलएनए, म्हणजे टीव्हीनं नेटवर्कवरचे व्हिडिओ-फोटो थेट उघडायची सोय, तिच्याबद्दल थोडक्यात. टीव्हीत आधीपासनं असतं, विंडोजमध्ये मीडिया स्ट्रीमिंग चालू केलं की झालं, पासवर्ड नाही काही नाही. पण सबटायटलची बोंब, पुढं-मागं करताना अडकतं, आणि कुठला फॉरमॅट चालंल ते टीव्हीच्या मर्जीवर. बाबांची भजनं आणि लग्नाचे फोटो एवढ्यापुरतं ठीक. एनएफएस, म्हणजे एसएमबीसारखीच फाईल शेअर करायची दुसरी पद्धत, चांगलं आहे, हलकं आहे, पण साध्या विंडोज पीसीवर त्याचा सर्व्हर येत नाही, घरात लिनक्स किंवा नॅस (नेटवर्कला जोडायची हार्डडिस्कची पेटी) असंल त्यांनीच बघावं.

आणि एक पर्याय तुम्हाला कुणीतरी नक्की सुचवणार, "ते एसएमबी १ चालू कर, लगेच चालतंय". चालतंय खरं. पण ज्या पीसीवरनं बँकेचं काम करता तिथं हे नको. प्लेअरच इतका जुना असंल की त्याला एसएमबी १ शिवाय येतच नाही, तर त्याला यूएसबीनं डिस्क जोडा.

माझं मत विचाराल तर, घरात एकच टीव्ही, कोडी हाताला बसलेलं आणि पीसी जुना, तर एसएमबीच नीट करा, एक संध्याकाळ लागते. दोन-तीन टीव्ही, मोबाईल, आणि प्रत्येक वेळी "ते लावून दे की" म्हणून तुम्हाला हाक येत असंल, आणि पीसी बऱ्यापैकी नवा असंल, तर जेलीफिन. मी शेवटी दोन्ही ठेवलंय, हॉलमध्ये कोडी आणि आईच्या मोबाईलवर जेलीफिन.

दोन्हीत एक काम करावंच लागतं, राउटरमध्ये जाऊन पीसीला आयपी कायमचा बांधून द्यायचा. इथं वळवाचा पाऊस आला की लाईट जाते, आली की राउटर सगळ्यांना नव्यानं नंबर वाटतो आणि कालपर्यंत चाललेलं आज दिसंना. पीसी स्लीपला जात नाही ना ते पण बघा, झोपलेला पीसी कुठल्याच टीव्हीला दिसत नाही.

राहिला पेनड्राईव्ह. त्याचा फॉरमॅट जुना एफएटी३२ असंल तर चार जीबीच्या वरची फाईल बसत नाही, एवढंच लक्षात ठेवायचं. आत्याला जाताना तो डान्स एका १६ जीबीच्या पेनड्राईव्हवर घालून दिला. गडहिंग्लजला पोचल्यावर फोन आला, टीव्हीला लावला आणि पहिल्या फटक्यात चालला म्हणं, "तुझ्यागत दोन रविवार न्हाई लागलं."