लढाऊ विमान कुणाकडून घ्यावं: वॉशिंग्टन, पॅरिस की मधला रस्ता?

निवड फ्रान्सचं राफाल, अमेरिकेचं एफ-१६, स्वीडनचं ग्रिपेन आणि चार युरोपीय देशांचं युरोफायटर या चौघांपर्यंत आली, की हवाई दलाचं काम बहुतेक संपलेलं असतं. चारही विमानं कामाची आहेत. वैमानिकांना विचारलं तर प्रत्येकाचं एक लाडकं असतं आणि त्यामागची कारणंही पटण्यासारखी असतात. पण पुढची तीस-पस्तीस वर्षं काढायची असतात ती विकणाऱ्या सरकारासोबत. म्हणून इथे वेग, पल्ला, रडार बाजूला ठेवून त्या सरकारांचीच तुलना केली आहे. नजर आहे ती स्वतःचं लढाऊ विमान न बनवणाऱ्या, मध्यम आकाराच्या देशाची.

माझ्यापुरता कौल एका त्रासावरून लागला. पैसे चुकते झाले, विमानं तळावर उतरली, तरीही दर वेळी कुणाला तरी विचारावं लागतं. नवं क्षेपणास्त्र बसवायचं, रडार बदलायचं, जुनी विमानं तिसऱ्या देशाला विकायची, प्रत्येक वेळी परवानगी. ती एका राजधानीतून आणायची की चार राजधान्यांतून, हा प्रश्न मला बाकी सगळ्या गुणांपेक्षा मोठा वाटतो.

अमेरिकेचा रस्ता

एफ-१६ घेणारा देश बहुतेक वेळा कंपनीशी करार करतच नाही. तो अमेरिकी सरकारला मागणीपत्र देतो, सरकार देकारपत्र देतं, त्यावर सही झाली की सरकार स्वतः कंपनीकडून विमान घेऊन ग्राहकाला देतं. याबद्दल सुमारे ३.२ टक्के प्रशासकीय शुल्क लागतं. याचे फायदे खरे आहेत. अमेरिकी हवाई दल स्वतःसाठी ज्या शिस्तीने खरेदी करतं तीच शिस्त तुमच्या वाट्याला येते, दलालांना वाव कमी राहतो, प्रशिक्षण आणि सुटे भाग एकाच साखळीतून मिळतात.

देकारपत्रातल्या किमतीबाबत मात्र सावध राहावं. ती अंदाजाची असते. प्रत्यक्ष खर्च जितका होईल तितका ग्राहकाने भरायचा, हा या पद्धतीचा पायाच आहे. स्वित्झर्लंडने एफ-३५ ही अमेरिकेची ३६ नवी लढाऊ विमानं घेताना सुमारे ६ अब्ज फ्रँक ही रक्कम पक्की आहे असं आपल्या जनतेला सांगितलं होतं. २०२५मध्ये अमेरिकेने तो अर्थ मान्य केला नाही आणि वाढीव खर्चाचा अंदाज ६५ कोटी ते १.३ अब्ज फ्रँकपर्यंत गेला. २०२०च्या सार्वमतात नव्या विमानांच्या बाजूने जेमतेम ५०.१ टक्के मतं पडलेल्या देशात हे केवढं राजकीय ओझं असेल, याचा विचार करावा. उलट, काँग्रेसला, म्हणजे अमेरिकी संसदेला, कळवलेला आकडा बातम्यांत येतो तो कमाल मर्यादेचा असतो. त्यात शस्त्रं, सिम्युलेटर, सुटे भाग, प्रशिक्षण सगळं धरलेलं असतं. त्या आकड्याला विमानांच्या संख्येने भागून दर काढणारे फसतात.

विक्रीवर आक्षेप घ्यायची काँग्रेसची मुदत कागदावर छोटी आहे. ठरावीक रकमेच्या वरच्या विक्रीसाठी ३० दिवस, आणि नाटोचे सदस्य, जपान, ऑस्ट्रेलिया, दक्षिण कोरिया, इस्रायल, न्यूझीलंड यांच्यासाठी १५. ठराव करून काँग्रेसने विक्री शेवटपर्यंत रोखून धरल्याचं उदाहरण नाही. २०१९मध्ये सौदी अरेबिया आणि अमिरातीविरुद्धचे ठराव दोन्ही सभागृहांत मंजूर झाले, पण अध्यक्षांनी नकाराधिकार वापरला. खरी अडवणूक त्याआधी होते. प्रस्ताव औपचारिकपणे मांडण्यापूर्वी परराष्ट्र व्यवहार समित्यांच्या प्रमुखांना अनौपचारिकपणे दाखवला जातो आणि त्या टप्प्याला कॅलेंडर नसतं. तुर्कस्तानने ऑक्टोबर २०२१मध्ये ४० नवी एफ-१६ आणि जुन्या विमानांसाठी ७९ आधुनिकीकरण संच मागितले. मंजुरी आली जानेवारी २०२४मध्ये, तीही तुर्कस्तानच्या संसदेने स्वीडनच्या नाटो प्रवेशाला मान्यता दिल्यानंतर काही दिवसांतच. त्याच दिवशी ग्रीसला एफ-३५ देण्याचा प्रस्तावही काँग्रेसपुढे गेला. विमानांच्या मागणीला किती असंबद्ध वाटणाऱ्या गोष्टी जोडल्या जातात, हे यातून दिसतं.

पाकिस्तानचं उदाहरण जुनं असलं तरी प्रत्येक खरेदीदाराने वाचावं. १९९०मध्ये पाकिस्तानकडे अण्वस्त्र नाही असं प्रमाणपत्र द्यायला अमेरिकी अध्यक्षांनी नकार दिला, अशा वेळी मदत आणि शस्त्रविक्री थांबवणारी प्रेसलर दुरुस्ती लागू झाली, आणि पैसे भरलेली २८ एफ-१६ अमेरिकेतच अडकली. तडजोड व्हायला १९९८चा डिसेंबर उजाडला. भरपाई काही रोख आणि काही गव्हासारख्या मालाच्या रूपाने ठरली. तोवर त्या हवाई दलाचं नियोजन आठ वर्षं मागे पडलं होतं.

विकल्यानंतरची परवानगी

खरा त्रास इथे आहे. क्रोएशियाने २०१८मध्ये इस्रायलची वापरलेली १२ एफ-१६ निवडली. विमानं इस्रायलची, पैसे क्रोएशियाचे, दोन्ही सरकारं राजी. पण मूळ विक्रेता अमेरिका, त्यामुळे फेरविक्रीला तिची संमती लागणारच होती. विमानांत इस्रायलने स्वतःची इलेक्ट्रॉनिक्स बसवली होती. ती काढून विमानं मूळ रूपात द्यावीत असा आग्रह झाला आणि जानेवारी २०१९मध्ये व्यवहार मोडला. क्रोएशियाने पुढे फ्रान्सकडून १२ वापरलेली राफाल ९९.९ कोटी युरोंना घेतली.

इजिप्तचं दुखणं शस्त्रांचं. अमेरिकेकडून दोनशेच्या वर एफ-१६ मिळाल्या, पण त्यांच्यासाठी अ‍ॅमराम हे हवेतून हवेत मारा करणारं आधुनिक क्षेपणास्त्र वर्षानुवर्षं मिळालं नाही, जुन्या स्पॅरोवर भागवावं लागलं. विमान एफ-१६च, पण बाजूच्या देशातल्या एफ-१६शी सामना करण्याची ताकद नाही. २०१३च्या सत्तांतरानंतर तर नव्या विमानांचा पुरवठाच थांबला, तो २०१५मध्ये सुरू झाला. त्याच वर्षी इजिप्तने २४ राफाल घेतली.

एफ-३५च्या बाबतीत हे अवलंबित्व आणखी खोल जातं. कुणीतरी दूरवरून विमान बंद करेल अशी चर्चा अधूनमधून उठते, पण तशा गुप्त बटणाची गरजच पडत नाही. शत्रूची रडारं ओळखणारा मिशन डेटा सतत नवा करावा लागतो, सॉफ्टवेअर अमेरिकेतून येतं, सुटे भाग सामायिक साठ्यातून मिळतात. यातला एक नळ थोडा आवळला तरी काही महिन्यांत उड्डाणं कमी होऊ लागतील. इस्रायलला स्वतःच्या प्रणाली बसवण्याची जी मुभा मिळाली आहे, तिच्यावरून आपल्यालाही मिळेल असं समजू नये.

मधला रस्ता

ग्रिपेनची जाहिरात स्वातंत्र्याची असते आणि विमान खरोखर गुणी आहे. कमी माणसांत देखभाल, महामार्गावरून उड्डाण, तंत्रज्ञान हस्तांतरणात मोकळा हात. ब्राझीलने ३६ विमानांचा करार केला तो अमेरिकेच्या हेरगिरीचं प्रकरण गाजल्यानंतर. पण ग्रिपेन ई-चं इंजिन एफ-४१४ आहे, अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकचं. म्हणजे स्टॉकहोमने होकार दिला तरी वॉशिंग्टनची संमती लागतेच. हे नुसतं तत्त्वापुरतं नाही. १९७७मध्ये इस्रायलची २४ कफीर विमानं इक्वेडोरला जाऊ शकली नाहीत, कारण त्यांत अमेरिकी जे-७९ इंजिन होतं. पुढच्याच वर्षी स्वीडनचं व्हिगन भारताला देण्याची वाट अशीच बंद झाली. त्याचंही इंजिन अमेरिकी रचनेवर आधारलेलं होतं. भारताने जॅग्वार घेतलं.

इंजिनापेक्षा लहान भागानेही काम अडतं. अर्जेंटिनाला दक्षिण कोरियाचं एफए-५० हे हलकं लढाऊ विमान हवं होतं. त्यातल्या काही ब्रिटिश भागांना लंडनने परवाना दिला नाही आणि २०२०मध्ये तो विषय संपला. ब्रिटन आणि अर्जेंटिनातलं फॉकलंडचं युद्ध १९८२चं, तरी आडकाठी आजही आहे. शेवटी २०२४मध्ये अर्जेंटिनाने डेन्मार्कची २४ जुनी एफ-१६ घेतली, अर्थात अमेरिकेच्या संमतीने.

युरोफायटरमध्ये हा प्रश्न रचनेतच आहे. ब्रिटन, जर्मनी, इटली, स्पेन असे चार भागीदार. विकणारा एक असला तरी आपापल्या भागांचा निर्यात परवाना चौघांनी द्यायचा. मधला सांगाडा जर्मनीत बनतो. मार्च २०१८मध्ये सौदी अरेबियाने ब्रिटनशी आणखी ४८ विमानांबाबत समझोता केला. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात सौदी पत्रकार जमाल खशोग्जी यांची हत्या झाली, जर्मनीने हात आखडता घेतला आणि जानेवारी २०२४पर्यंत तो सैल केला नाही. बर्लिनच्या भूमिकेमागची नैतिक कळकळ मला समजते, तिचा आदरही वाटतो. पण खरेदीदाराने एवढं लक्षात घ्यावं की चारपैकी कुठल्याही देशात निवडणूक झाली आणि आघाडी बदलली, की करार पुन्हा चर्चेत येऊ शकतो. तुर्कस्तानच्या २० विमानांनाही जर्मनीचा होकार मिळेपर्यंत थांबावं लागलं. ब्रिटनसोबत सही झाली ती ऑक्टोबर २०२५मध्ये.

रशियाचा पर्याय सध्या फार थोड्यांना परवडेल. रशियाविरुद्धच्या २०१७च्या अमेरिकी निर्बंध कायद्याचा फटका विमान घेणाऱ्यालाही बसतो. सुखोई-३५ विमानं आणि एस-४०० हवाई संरक्षण यंत्रणेसाठी चीनच्या लष्करी खरेदी विभागावर २०१८मध्ये निर्बंध आलेच. इंडोनेशियाने ११ सुखोई-३५चा करार केला, पण तो पुढे सरकला नाही, आणि फेब्रुवारी २०२२मध्ये त्याने ४२ राफालचा करार केला. चीनचं जे-१०सी स्वदेशी इंजिनावर उडतं, त्यामुळे परवानगीपुरता हिशेब सोपा. चीन-पाकिस्तानच्या जेएफ-१७मध्ये मात्र रशियन आरडी-९३ इंजिन आहे, हे विसरू नये.

पॅरिसकडे झुकतं माप का

राफालचा सांगाडा दासोचा, एम-८८ इंजिन साफ्राँचं, रडार आणि इलेक्ट्रॉनिक्स थालेसची. निर्यातीचा निर्णय आंतरमंत्रालयीन समितीच्या शिफारशीवर पंतप्रधानांच्या पातळीवर होतो, संसदेला अहवाल नंतर जातो. लोकशाहीच्या दृष्टीने यावर टीका होते आणि ती रास्त आहे. खरेदीदाराला मात्र एकच दार ठोठवावं लागतं. अमिरातीच्या ५० एफ-३५ची बोलणी अटींवरून रेंगाळत असतानाच डिसेंबर २०२१मध्ये तिने ८० राफालवर सही केली. इजिप्तच्या २०२१च्या ३० विमानांसाठी फ्रेंच सरकारची हमी असलेलं कर्जही मिळालं. किंमत चढी, पण पैशाची सोय विकणाराच करतो.

फ्रान्सच्या बाजूने बोलताना दोन गोष्टी लपवू नयेत. पहिली, हा देशही शब्द फिरवू शकतो. १९६७मध्ये द गॉल यांनी इस्रायलवर बंदी घातली आणि पैसे भरलेली ५० मिराज ५ विमानं दिलीच नाहीत. १९९२मध्ये तैवानला ६० मिराज २००० विकली आणि १९९४मध्ये यापुढे तैवानला शस्त्रं देणार नाही असं चीनला सांगितलं. दुसरी, विमान एका राजधानीचं असलं तरी शस्त्रं तशी नसतात. इजिप्तला हवं असलेलं, जमिनीवरच्या लक्ष्यावर दुरून मारा करणारं स्काल्प क्षेपणास्त्र २०१८मध्ये एका अमेरिकी घटकभागामुळे अडकलं. हवेतून हवेत लांब मारा करणारं मीटिऑर तर सहा देशांचं आहे. हवेतून हवेत मारा करणारं मिका आणि जमिनीवर टाकायचा अचूक बॉम्ब हॅमर मात्र फ्रेंच आहेत. त्यामुळे पहिल्या तुकडीचं शस्त्रास्त्र या दोघांवर उभं करावं आणि मीटिऑर, स्काल्प वेगळ्या करारात ठेवावीत, असं मला वाटतं.

थांबावंही लागतं. २०२४च्या अखेरीस दासोकडे २२० राफालच्या मागण्या शिल्लक होत्या आणि त्या वर्षभरात कारखान्यातून गेली २१. वेग वाढवायचं काम चालू आहे, पण तीन वर्षांत स्क्वाड्रन उभं करायचं असेल तर नवं राफाल मिळणं कठीण. अशा वेळी वापरलेली एफ-१६ किंवा ग्रिपेन व्यवहार्य ठरतात. आणि ज्या देशाचं संरक्षण अमेरिकेच्या हमीवरच उभं आहे, जसे पोलंड किंवा जपान, त्याने एफ-३५ घ्यावं. तिथे परवानगीची अट त्रासाची राहत नाही, कारण युद्ध झालंच तर दोघं एकाच बाजूला असणार.

बाकीच्यांनी कुणाकडेही गेलं तरी काही कामं पहिला हप्ता भरण्याआधी उरकावीत. विमानातल्या प्रत्येक घटकभागाचा परवाना कुठल्या देशाच्या हातात आहे, याची लेखी यादी विक्रेत्याकडून घ्यावी. त्यात वैमानिकाची आसनं आणि मायक्रोचिपसुद्धा असाव्यात, कारण नकार बहुधा तिथूनच येतो. ते परवाने हाती आल्याशिवाय करार अंमलात येणार नाही, असं कलम घालावं. पुरवठा थांबला तर रक्कम व्याजासह रोखीत परत, अशी अट असावी. किमान दोन वर्षांचे सुटे भाग आपल्या मालकीचे, आपल्या गोदामात असावेत. मिशन डेटा बदलण्याची सोय आपल्याच तळावर, आपल्याच माणसांच्या हाती हवी. सोर्स कोड फ्रान्सही सहजी देत नाही. त्यामुळे आपलं क्षेपणास्त्र जोडायचं असेल तर त्या जोडणीचा खर्च, मुदत आणि चाचण्या आधीच करारात लिहून घ्याव्यात. नंतर मागितल्यास त्याची किंमत विक्रेता ठरवतो. शेवटचा मोठा हप्ता विमान उतरण्याशी न बांधता त्या विमानावरून ठरलेलं क्षेपणास्त्र यशस्वीपणे डागलं जाण्याशी बांधावा. विक्रेते याला सहसा राजी नसतात, पण सहीच्या आधीच्या काही आठवड्यांत, जेव्हा त्यांच्या राष्ट्राध्यक्षांचा दौरा ठरलेला असतो, तेव्हा हे कलम मान्य होण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते.