बंद झालेला बार्बेक्यू मसाला : जुना पुडा शोधावा, दुसरा घ्यावा की घरी जुळवावा?

थंडी पडली की आमच्याकडे खान्देशात शेतावर भरिताचा बेत ठरतो. कपाशीच्या वाळक्या काड्यांवर वांगी भाजली जातात आणि त्याच आगीचे निखारे उरले की शेगडीवर पनीर, मक्याची कणसे आणि खाणाऱ्यांसाठी कोंबडी चढते. या दुसऱ्या फेरीसाठी आम्ही काही वर्षे एकच तयार मसाला वापरत होतो. तो गोडसर, धुरकट वासाचा, अमेरिकी पद्धतीचा कोरडा बार्बेक्यू मसाला होता आणि मागच्या हंगामात तो बाजारातून नाहीसा झाला. ज्यांच्या घरी असाच एखादा आवडीचा मसाला बंद पडला आहे आणि पुढे काय करावे हे ठरत नाही, त्यांच्यासाठी मी स्वतः अवलंबून पाहिलेल्या मार्गांची ही तुलना आहे. कोणताही मार्ग निवडला तरी एक गोष्ट आधी करावी. रिकामा पुडा फेकू नये आणि तळाशी उरलेले दोन-चार चमचे वापरून संपवू नयेत, कारण पुढचे सगळे काम त्या कागदावर आणि त्या चमच्यांवर अवलंबून आहे.

जुना साठा शोधणे हा सर्वांत स्वाभाविक मार्ग वाटतो आणि माझ्या मते तोच सर्वांत कमी उपयोगाचा आहे. जळगावच्या दाणा बाजारात किंवा धुळ्या-भुसावळच्या एखाद्या मोठ्या किराणा दुकानात मागच्या फळीवर दोन पुडे सापडू शकतात, पण त्यावरची ‘या तारखेपूर्वी वापरणे उत्तम’ ही ओळ पाहिल्याशिवाय ते घेऊ नयेत. दळलेल्या मसाल्यातील सुगंधी तेले हळूहळू उडून जातात आणि मिरचीचा रंग उजेडाने फिकट होतो. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, त्या उष्णतेत दुकानात काढलेला एक हंगाम मसाल्याला फार जड जातो. मीठ आणि साखर मात्र जशीच्या तशी राहतात, त्यामुळे जुना पुडा खारट-गोड लागतो पण मागे काही उरत नाही. शोधायचेच असेल तर पुड्यावरचा १४ अंकी अन्न परवाना क्रमांक लिहून ठेवावा. एकच कारखाना अनेकदा दुसऱ्या नावांसाठीही माल भरून देतो, आणि घरगुती पुडा बंद झाला तरी हॉटेलांना जाणारा मोठा पुडा चालू असू शकतो. उत्पादकाला पत्र किंवा दूरध्वनी करून इतकेच नेमके विचारावे. उत्तर होकारार्थी आले तर या लेखातील बाकी खटाटोप करण्याची गरज नाही.

दुसरा मार्ग म्हणजे बाजारात मिळणारा त्याच्याच जवळचा मसाला घेणे. येथे बहुतेकांची निवड वासावर होते आणि तेथेच फसगत होते, कारण अशा दोन मसाल्यांतील मोठा फरक वासात नसून मीठ आणि साखरेच्या प्रमाणात असतो. उदाहरण घेऊ. एका मसाल्यात शंभर ग्रॅममागे २५ ग्रॅम मीठ आहे आणि आपण किलोभर पनीरला ४० ग्रॅम मसाला चोळतो, तर पनीरला १० ग्रॅम मीठ लागते. पर्यायी मसाल्यात मीठ ४५ ग्रॅम असेल तर सवयीच्या त्याच मापाने १८ ग्रॅम मीठ जाते आणि सगळा घास खारट होतो. मग मसाला कमी टाकावा तर रंग आणि लसणाची चव कमी पडते. म्हणून पर्याय निवडताना दोन्ही पुडे शेजारी ठेवून सोडियमचा आकडा (मीठ किती ते यावरून कळते) आणि जोडलेल्या, म्हणजे वरून घातलेल्या, साखरेचा आकडा ताडून पाहावा. ज्यात हे दोन्ही आकडे जुन्यापेक्षा कमी आहेत तोच पुडा घ्यावा, कारण कमी असलेले मीठ घालता येते, जास्त झालेले काढता येत नाही. ज्यांना वर्षातून दोन-तीनदाच शेगडी पेटवायची आहे त्यांनी येथेच थांबले तरी चालेल.

काही जण घरातला खान्देशी काळा मसालाच लावून पाहतात. तो रश्श्याचा राजा आहे, पण त्यात भाजलेले खोबरे आणि कांदा असतो, तो थेट आचेवर लवकर करपतो, शिवाय त्यात गोडवा नाही. पनीर चांगले लागते. मात्र ते वेगळे पनीर असते.

आता घरी जुळवण्याविषयी, कारण मी शेवटी याच मार्गावर स्थिरावले. पुड्यावरील घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात आणि या एका नियमात अर्धी कृती दडलेली असते. आमच्या पुड्यावर क्रम असा होता : साखर, मीठ, पाप्रिका (सौम्य लाल मिरचीची पूड), मसाले, लसूण पावडर, कांदा पावडर, आणि गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेला आयएनएस ५५१ हा पदार्थ. शंभर ग्रॅममागे सोडियम ९,८०० मिलिग्रॅम होते. सोडियमला सुमारे अडीचने गुणले की मीठ मिळते, म्हणजे २५ ग्रॅम. जोडलेली साखर २८ ग्रॅम होती. एकूण साखरेचा आकडा याहून थोडा मोठा होता, कारण पाप्रिका आणि कांद्याच्या पुडीतही मुळात साखर असते, म्हणून हिशेबाला जोडलेल्या साखरेचीच ओळ धरावी. ५३ ग्रॅम येथेच संपले आणि उरलेल्या ४७ ग्रॅममध्ये बाकी सर्व बसवायचे होते. पाप्रिका मिठापेक्षा जास्त असू शकत नाही आणि लसूण ‘मसाले’ या गटापेक्षा जास्त असू शकत नाही, या मर्यादा पाळत चौथ्या खेपेला मी पाप्रिका २०, मिरे ५, जिरे ४, मोहरीची पूड ३, लसूण ८ आणि कांदा ७ ग्रॅम येथे पोहोचले. ‘मसाले’ या एका शब्दाखाली काय काय आहे हे उत्पादकाने सांगणे बंधनकारक नसते, त्यामुळे मिरे-जिरे-मोहरी हे तिन्ही जिभेनेच शोधावे लागले. अमेरिकेतून आलेला पुडा असेल तर आकडे शंभर ग्रॅममागे नसून एका वेळी वापरायच्या लहानशा मापामागे असतात आणि पूर्णांकाला आणलेले असतात, तेव्हा त्या हिशेबाचा फक्त अंदाज म्हणून उपयोग करावा.

पुड्यावर आकडेच नसतील तरी मार्ग आहे. जुना मसाला १० ग्रॅम मोजून कोमट पाण्यात ढवळावा, दाट विणीच्या फडक्यातून गाळावा, वर राहिलेला चोथा सावलीत पूर्ण वाळवून त्याचे वजन करावे. आपण जुळवलेल्या मसाल्याचेही तसेच करावे. लसूण-कांद्याची पूडही काही प्रमाणात विरघळत असल्याने हे वजन म्हणजे मसाल्यांचे खरे प्रमाण नव्हे, पण दोन्ही चोथे वजनाला सारखे भरले तर मीठ-साखरेचा एकत्रित वाटा जवळपास जुळला असे समजावे. यासाठी ग्रॅमचा दशांश दाखवणारा लहान काटा हवा. चमच्याचे माप येथे उपयोगी नाही, कारण भरड मिठाचा चमचा आणि बारीक मिठाचा चमचा वजनाला वेगळे भरतात.

साहित्याच्या बाबतीत खान्देशातल्या माणसाला काही गोष्टी सोप्या आहेत आणि एक अवघड आहे. नंदुरबारची मिरची हाताशी आहे, परंतु पाप्रिकेच्या जागी तेवढ्याच वजनाने ती घातली तर तिखटपणाने बाकी सगळे झाकले जाते. रंग आणि सौम्यपणा यांसाठी बिया काढलेली ब्याडगी घ्यावी आणि नंदुरबारची मिरची चिमूटभरच ठेवावी. कांद्याच्या पुडीसाठी लांब जावे लागत नाही, कारण कांदा वाळवण्याचा मोठा उद्योग जळगावातच आहे. अवघड आहे तो धूर. स्पेनमधील ला व्हेरा भागात मिरची ओकच्या लाकडाच्या धुरावर सुमारे दोन आठवडे वाळवतात आणि धुरकट पाप्रिकेचा तो वास तेथून येतो. आपली उन्हात वाळलेली मिरची त्याची बरोबरी करत नाही. मी दोन्ही करून पाहिले. आंब्याच्या वाळक्या लाकडाच्या मंद धुरावर ब्याडगी झाकून ठेवली तर वास चांगला येतो, पण आच जराशी वाढली तरी मिरची काळी पडून कडवट होते. विकतची धुरकट पाप्रिका महाग असली तरी शंभर ग्रॅम मसाल्याला ती २० ग्रॅमच लागते, म्हणून त्या एका वस्तूवर पैसे खर्च करावेत आणि बाकी सर्व घरचे वापरावे, असे माझे मत आहे.

डंकावर कांडून आणण्याचा विचार मोठ्या कुटुंबाला मोहवतो. काळा मसाला उन्हाळ्यात कांडून आणण्याची आपली रीतच आहे. पण येथे तो मार्ग फक्त मिरची, मिरे आणि जिरे यांच्यापुरता ठेवावा. साखर आणि लसणाची पूड कांडताना तापते, ओलसर होते आणि चिकटते. शिवाय आधीच्या घाण्याचा तिखट अंश किलोभर मालात फारसा जाणवत नाही, तरी पाव किलोत नक्की जाणवतो. मीठ, साखर, लसूण, कांदा घरीच मिसळावे आणि मीठ बाकी मसाल्याइतकेच बारीक करून घ्यावे. तसे केले नाही तर ते बरणीच्या तळाशी बसते आणि पहिले पनीर अळणी, शेवटचे खारट अशी गत होते.

जुळणी तपासताना एक गोष्ट मला उशिरा उमगली. मी ताजा मसाला जुन्या पुड्यातील उरलेल्या मसाल्याशी ताडून पाहत होते आणि दर वेळी माझा जास्त उग्र वाटत होता, म्हणून मी लसूण आणि मिरे कमी करत गेले. प्रत्यक्षात जुनाच उतरलेला होता. आठवणीतील चव ताज्या पुड्याची असते. म्हणून उरलेल्या मसाल्यावरून मीठ, साखर आणि रंग जुळवावेत, आणि वासासाठी त्या पुड्यातील मसाला पूर्वी खाल्लेल्या दोघा-तिघांना उकडलेल्या बटाट्याच्या फोडीवर दोन नमुने, कोणता कोणता हे न सांगता, चाखायला द्यावेत. माझ्या सासूबाईंनी तिसऱ्या नमुन्याला “हा नाही, ह्यात जिरं फार” असे सांगितले आणि ते अगदी बरोबर निघाले.

घरच्या मसाल्याचा एक लाभ बाजारच्या कोणत्याही पुड्यात नाही. मूळ मसाला मंद आचेवर तासन्तास भाजण्यासाठी केलेला होता आणि त्यातील २८ टक्के साखर आपल्या उघड्या निखाऱ्यांवर पाच मिनिटांत काळी पडते. आता मी साखर वेगळ्या बरणीत ठेवते. बाकीचा मसाला आधी चोळते आणि पनीर उतरवण्याच्या दोन मिनिटे आधी साखर वरून भुरभुरते. गुळाची पूड चवीला साखरेपेक्षा सरस लागते, पण ती ओलावा धरते, म्हणून ती मसाल्यात मिसळून साठवू नये आणि पावसाळ्यात तर मुळीच नाही. एका वेळी २०० ग्रॅमपेक्षा जास्त करू नये. मिरे-जिरे अख्खे ठेवून लागतील तसे दळावेत, म्हणजे पुढच्या भरिताच्या वेळी मसाला पुन्हा ताजा मिळतो.