मसाई मारातली टिप: डॉलरमध्ये द्यावी की शिलिंगमध्ये?

केनियाच्या सफारीला निघालेल्या प्रत्येकाला एक सल्ला हमखास मिळतो: ‘टिपेसाठी एक-एक डॉलरच्या नोटा भरपूर घेऊन जा.’ पिवळ्या तापाची लस, दुर्बीण, गरम जाकीट आणि सुटे डॉलर, अशी यादीच ठरलेली असते. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो. तरी मी आता तो पाळत नाही. का ते सांगतो, पण आधी डॉलरची बाजू नीट मांडायला हवी, कारण ती लंगडी नाही.

डॉलर इथेच मिळतात. ठाण्या-पुण्यातला मनी चेंजर ते हसत देतो. केनियन शिलिंग त्याच्याकडे सहसा नसतातच. उरलेले डॉलर पुढच्या सहलीला चालतात, उरलेले शिलिंग मुंबईत कोणी विचारत नाही. केनियाहून पुढे युगांडात गोरिला बघायला जाणार असाल तर त्याच नोटा तिकडेही कामी येतात. टांझानियाचं गणित जरा बदललंय. तिथे मार्च २०२५ पासून देशातल्या व्यवहारांत परकीय चलनात दर सांगायला आणि पैसे घ्यायला मनाई आहे, त्यामुळे सेरेंगेटी जोडून करणाऱ्यांसाठी डॉलरचा हा मुद्दा तितका पक्का राहिलेला नाही.

आणखी एक गोष्ट शिलिंगची बाजू घेणारे सोयीस्करपणे विसरतात. २०२३ च्या सुरुवातीला डॉलरला १२४ च्या आसपास शिलिंग मिळत होते, २०२४ च्या जानेवारीत तोच भाव १६० ला टेकला. ज्या ड्रायव्हर-गाईडने त्या वर्षभरात मिळालेले डॉलर जपून ठेवले, त्याचं भलं झालं. पुढे शिलिंग सावरला आणि १२९-१३० वर स्थिरावला. तरी नैरोबीत घर असलेल्या, मुलांच्या फीसाठी पैसे साठवणाऱ्या माणसाला शंभर डॉलरची करकरीत नोट आवडते, यात आश्चर्य नाही.

म्हणजे डॉलर वाईट नाहीत. वाईट आहेत ते सुटे डॉलर.

मुक्कामाची शेवटची संध्याकाळ. गाडीतली बाकीची मंडळी चहाकडे वळली आणि आमचा गाईड माझ्याशी बोलायला थांबला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्याने खिशातून रबर लावलेली एक जाड गुंडाळी काढली. सगळ्या एक-एक आणि पाच-पाचच्या नोटा, आधीच्या पाहुण्यांकडून मिळालेल्या. ‘सर, याच्या बदल्यात पन्नासची एक नोट मिळेल का?’ सकाळी याच माणसाने किजेलियाच्या झाडावर, पानांआड लोंबणाऱ्या शेपटीच्या टोकावरून बिबट्या शोधून दिला होता. गाडीतल्या लाखभर रुपयांच्या कॅमेऱ्यांना जे दिसलं नाही ते त्याला नुसत्या डोळ्यांनी दिसलं होतं. आणि आता तो माझ्यापुढे सुट्या नोटा बदलून मागत उभा होता, आवाज खाली आणून, कॅम्पच्या मॅनेजरला दिसू नये अशा बेताने.

त्यामागचं कारण साधं आहे. तिथल्या बऱ्याच फॉरेक्स ब्युरोंत डॉलरचे दोन भाव असतात. पन्नास-शंभरच्या नोटांना चांगला, लहान नोटांना कमी. एक डॉलरची नोट काही जण घेतच नाहीत. नोट जुन्या मालिकेची असेल, कडेला फाटलेली असेल, कुणी पेनाने आकडा लिहिला असेल किंवा बँकेचा शिक्का उमटला असेल, तरी ती परत फिरते. आपल्याकडे चिकटपट्टी लावलेली नोट भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत आरामात खपते, म्हणून आपल्या हे लक्षातही येत नाही. मनी चेंजर मात्र सुटे मागणाऱ्याला नेमक्या अशाच नोटा खपवतो. आपण पाकिटात भरून, हसून, ‘असांते साना’ (स्वाहिलीत ‘खूप आभार’) म्हणून दहा डॉलर देतो. घेणाऱ्याच्या हातात किती पडतात ते आपल्याला कळत नाही.

ड्रायव्हर निदान सहल संपल्यावर नैरोबीला परततो. कॅम्पच्या माणसांची अडचण मोठी आहे. तंबू आवरणारा, रात्री टॉर्च घेऊन तुम्हाला जेवणाच्या जागेपासून तंबूपर्यंत सोडणारा अस्कारी म्हणजे पहारेकरी, कपडे धुणारी बाई, यांतले बरेच जण तालेक गावातले किंवा आसपासच्या मसाई वस्त्यांमधले असतात. डॉलर धडपणे मोडायचे तर नारोक शहर गाठावं लागतं, म्हणजे सुट्टी मिळेपर्यंत थांबणं आलं, नाहीतर जाणाऱ्या-येणाऱ्याच्या हाती पैसे सोपवणं आलं. शिलिंग दिले तर ते त्याच संध्याकाळी वापरता येतात. माझ्यासाठी तराजू तिथेच झुकला. इतरांना हा मुद्दा किरकोळ वाटेलही.

शिलिंगचा त्रास आपल्या बाजूला असतो, आणि तो पत्करावा असं मला वाटतं. नैरोबी विमानतळावर बाहेर पडताना एटीएम आहेत. फॉरेक्स कार्डाने किंवा परदेशात चालणाऱ्या डेबिट कार्डाने पैसे निघतात, शुल्क लागतं. विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने थेट मारात उतरणार असाल तर हे काम नैरोबीतच उरकायला हवं, कारण पुढे जंगलातली मातीची धावपट्टी आहे आणि एटीएम नाही. रस्त्याने जाणाऱ्यांना नारोकमध्ये बँका मिळतात. मशीन बहुतेक हजाराच्याच नोटा ओकतं. त्या मोडायला नैरोबीतलं नाइवास किंवा कुठलंही मोठं दुकान बरं: केळी, पाणी, बिस्किटं घ्यायची आणि शंभर-दोनशेच्या नोटा परत मागायच्या. एक सावधगिरी. घरातल्या कुणी पूर्वीच्या सहलीतले शिलिंग प्रेमाने काढून दिले तर त्यातल्या हजाराच्या नोटा आधी तपासा. नव्या मालिकेच्या नोटा २०१९ मध्ये आल्या आणि हजाराची जुनी नोट त्याच वर्षी सप्टेंबरअखेर बाद झाली. नाणी मात्र मुलांना द्यायला छान आहेत, त्यांवर जिराफ, गेंडा, सिंह आणि हत्ती आहेत. टिपेत नाणी देऊ नयेत.

एम-पेसा हा तिसरा मार्ग कोणीतरी सुचवेलच. २००७ पासून केनियात मोबाइलवरून पैसे पाठवणं इतकं रुळलंय की टपरीवरचा चहाही त्यावर मिळतो. पासपोर्ट दाखवून सफारीकॉमचं सिम आणि खातं मिळतं, गाईडला तर हे सर्वांत सोयीचं. लांब राहणार असाल तर जरूर घ्या. आठवडाभराच्या सहलीत, बायको-मुलं आणि बॅगा सांभाळत विमानतळावर सिमच्या रांगेत उभं राहण्याचा उत्साह माझ्यात नाही. शिवाय तंबू झाडणाऱ्याचा फोन नंबर विचारत बसणं जरा अवघड वाटतं.

मोठ्या ग्रुप टूरवाले हा प्रश्नच मिटवतात: टूर मॅनेजर सगळ्यांकडून ठरावीक रक्कम गोळा करतो आणि वाटतो. संकोच वाचतो, हिशेब वाचतो. माझी तक्रार एवढीच की दिवसभर आपल्यासाठी चिखलात गाडी घालणाऱ्याला ती रक्कम कुणी दिली, किती दिली, काही कळत नाही. अशा टूरवर असाल तर पॅकेजमध्ये टिप धरली आहे का हे आधी विचारून घ्या आणि धरली असली तरी गाईडसाठी वेगळं पाकीट ठेवा. ते त्याच्या हातात द्या, नजरेला नजर देऊन.

किती द्यायचे, यावर दहा जण दहा आकडे सांगतील. गाईडला माणशी रोज दहा ते पंधरा डॉलर ही मारातली नेहमी सांगितली जाणारी रक्कम. कमी खर्चाच्या व्हॅन-सफारीत पाच ते दहाही चालतं. रिसेप्शनजवळच्या पेटीत माणशी रोज पाच ते दहा डॉलरइतके. ती पेटी स्वयंपाकघरापासून जनरेटरवाल्यापर्यंत सगळ्यांत वाटली जाते, गाईड बहुधा त्यात नसतो. बॅगा उचलणाऱ्याला शंभर-दोनशे शिलिंग. आमच्यासारख्या, जेवणात ‘थोड्या हिरव्या मिरच्या मिळतील का, अजून दोन चपात्या मिळतील का, कांदा-लसूण नको’ असं रोज सांगणाऱ्या मंडळींनी स्वयंपाक्याच्या हातावर वेगळे ठेवावेत, असं माझं मत आहे. फुलक्यांवरून मी एका मसाई मुलाला जितकं छळलंय तितकं घरीही कुणाला छळत नाही.

पाच रात्रींसाठी एका जोडप्याचा अंदाज असा: गाईडला तेरा हजार शिलिंग, पेटीत साडेसहा हजार, किरकोळ दीड हजार. एकूण एकवीस हजार शिलिंग, म्हणजे साडेचौदा हजार रुपयांच्या आसपास. दोनशे-पाचशेच्या नोटा वेगळ्या, साध्या कागदी पाकिटांत घालून ठेवा. प्लास्टिकच्या पिशव्या भारतातून नेऊ नका. तिथे २०१७ पासून कॅरीबॅगवर कडक बंदी आहे आणि अभयारण्यांत तर एकदा वापरून फेकायचं कुठलंच प्लास्टिक चालत नाही.

दोन्हींच्या मधलं काही हवं असेल तर गाईडची टिप एका मोठ्या, नव्या, न मुडपलेल्या डॉलरच्या नोटेत द्या आणि बाकी सगळं शिलिंगमध्ये. हेही मला पटतं. बहुतेक वेळा मी शिलिंगच देतो. गाईडने ते घेताना कुरकुर केल्याचं मला तरी आठवत नाही. आणि शेवटच्या दिवशी शिलिंग उरलेच, तर विमानतळावर सोडायला आलेल्या ड्रायव्हरला देऊन टाका. पुण्यात आणून त्यांचं काही होत नाही.