घरपोच रेंट अ‍ॅग्रीमेंट, वाघोली: रजिस्ट्रेशन एक नंबर, दुरुस्तीचं कलम भोंगळ

पाचपैकी साडेतीन स्टार. एजंटचं नाव टाकत नाही कारण तक्रार त्याच्या एकट्याबद्दल नाहीये, बऱ्याच जणांकडे हाच छापील मसुदा फिरतो.

काम म्हणाल तर झकास. सांगितलेल्या वेळेला पोरगा लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन हजर, घरमालक काका-काकू पण आलेले, आधार नंबर टाका, अंगठा द्या, फोटो काढा, साक्षीदारांचंही तिथेच उरकलं, रजिस्ट्रार ऑफिसची चक्कर वाचली. पैशांचं पण स्वच्छ, स्टॅम्प ड्युटी ०.२५ टक्के, नोंदणी फी १००० आणि त्याची स्वतःची फी वेगळी लिहून दिली.

दीड स्टार कापला तो दुरुस्तीच्या कलमासाठी. तिथे काय तर जागा सुस्थितीत ठेवावी, नुकसान झाल्यास लायसन्सीने (म्हणजे भाड्याने राहणाऱ्या आपण) स्वखर्चाने भरून द्यावं, नॉर्मल वेअर अँड टेअर (रोजच्या वापराची झीज) सोडून. आता नॉर्मल कशाला म्हणायचं ते कोण ठरवणार? आमच्याकडे टँकरचं पाणी, गीझरच्या कॉइलवर क्षार चढतो आणि एक दिवस ती उडते. काका म्हणणार वापरलात तुम्ही, आम्ही म्हणणार गीझर आमच्या आधीपासूनचा, आणि शेवटी पैसे जाणार डिपॉझिटमधून. पोराला विचारलं तर "सर सगळे असंच करतात". पण जादा अटी टाकता येतात का विचारल्यावर कुरकुर न करता बसून टाईप करून दिल्या, म्हणून साडेतीन, नाहीतर अडीचच देणार होतो.

अटी लिहिताना केंद्राच्या २०२१ च्या मॉडेल टेनन्सी अ‍ॅक्टमधली यादी समोर ठेवली. हा नमुना कायदा आहे, राज्याने स्वीकारला तरच लागू होतो, पण वाटणी बरी केलीये. बांधकामाची दुरुस्ती, रंग, पाईप बदलणं, वायरिंग हे मालकाचं. नळ आणि वॉशर, तुंबलेलं ड्रेनेज, स्विच-सॉकेट, कडी-कुलूप, जाळ्या, काचा हे भाडेकरूचं. गीझर पण भाडेकरूच्या माथी मारलाय, ते मला अजिबात पटत नाही. आम्ही ठरवलं की वर्षाची सर्व्हिसिंग आमची, कॉइल किंवा टाकी गेली तर काकांची. काकांनी जरा तोंड वाकडं केलं पण काकू म्हणाल्या अहो बरोबर आहे त्यांचं, मग विषय मिटला.

लिकेजचं वेगळं लिहून घ्या. सोसायटीच्या आदर्श उपविधीत (नमुना नियमावलीत) बाहेरच्या भिंतीतून येणारं पावसाचं पाणी सोसायटीच्या खर्चात येतं आणि फ्लॅटमधल्या बाथरूमचं लिकेज सभासदाच्या. सभासद म्हणजे मालक, आपण नाही. म्हणजे वरच्या मजल्यावरून छत गळलं तर सेक्रेटरीमागे पळायचं काकांनी.

ग्रुपवर कोणीतरी सांगतंच की १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात कलम १४ आहे, दुरुस्ती मालकाचीच. हो आहे, पण वेगळा करार नसेल तर, आणि तेही भाडेकरूसाठी. लीव्ह अँड लायसन्सवाले, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी जागा वापरायची फक्त परवानगी घेतलेले आपण, कायद्याच्या भाषेत भाडेकरू नाही, लायसन्सी, त्यामुळे कागदावर जे लिहिलंय त्यावरच सगळी भिस्त. बाकी त्याच कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची आहे, फी मात्र बहुतेक ठिकाणी आपणच भरतो, असो.

एक गोष्ट या सर्व्हिसवाल्यांनी सुरू करावी, पझेशनच्या दिवशीचे फिटिंग्सचे फोटो करारासोबत जोडून द्यायचे. त्याचे वेगळे पैसे घ्या हवं तर, आम्ही देऊ. सध्या आम्हीच व्हिडिओ काढून काकांना व्हॉट्सअ‍ॅप करून ठेवलाय, किचनच्या सिंकखालची ओल पण त्यात आहे.

अकरा महिन्यांनी रिन्यूअलला याच पोराला बोलावणार, फक्त मसुदा दोन दिवस आधी मागवणार.